रॅली बघायला रस्त्याकडेला: कोल्हापुरातले तीन दिवस

मोटार रॅलीची गाडी समोरून जाताना तीन-चार सेकंद दिसते. त्याआधी मात्र ती मिनिटभर ऐकू येते. डोंगराच्या पलीकडे एक बारीक गुणगुण सुरू होते, मध्येच दबते, गिअर उतरताना फटफट वाजते आणि मग एकदम अंगावर येते. त्या मिनिटभरासाठी आम्ही तीन दिवस कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात फिरलो. बरोबर माझे बाबा आणि भाची सई होते. एक आजोबा वाटेत भेटले आणि शेवटपर्यंत आमच्याबरोबरच राहिले.

शुक्रवार: मैदानावर

पुण्याहून दुपारी निघून पाचला कोल्हापुरात पोचलो. बाबा पायांत चपला घालून दारातच उभे होते. त्यांनी शिवाजी उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथ चालवला. आधी ऑइल इंजिनांचे भाग, पुढे मोटारींच्या कास्टिंगचं मशिनिंग. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून "टॅपेट वाजतोय" म्हणायची सवय गेलेली नाही. सई अकरावीत आहे. "मामा, मी मागं बसतो," म्हणाली आणि गाडीत शिरली. कोल्हापूरच्या मुली अशाच बोलतात. पुण्यात राहून हे कानांना मिळत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

शहराबाहेरच्या मैदानावर सर्व्हिस पार्क होता. प्रत्येक संघाचा तंबू, खाली ताडपत्री, वर दिवे आणि मध्ये जॅकवर चढवलेली गाडी. तिथे तांत्रिक तपासणी चालली होती. आतल्या नळ्यांचा पिंजरा, पट्टे, हेल्मेट, आग विझवायचं नळकांडं, सगळं हात लावून बघत होते. गाड्या आपल्या रोजच्या ओळखीच्याच, पोलो, सेडिया, आणि एका कोपऱ्यात तीन जिप्सी. आतून मात्र पार सोललेल्या. मागची सीट नाही, गालिचा नाही, नुसता पत्रा आणि पिंजरा.

सईने पहिलाच प्रश्न बरोबर विचारला, "मग ओव्हरटेक कधी करतात?" करत नाहीत. रॅलीत गाड्या एकत्र सुटतच नाहीत. एकेक गाडी ठराविक अंतराने सोडतात आणि प्रत्येकीची शर्यत घड्याळाशी असते. बंद केलेल्या रस्त्याच्या तुकड्याला स्टेज म्हणतात. सगळ्या स्टेजांच्या वेळांची बेरीज करायची, ज्याची सर्वांत कमी तो पहिला. एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजला जाताना याच गाड्या आपल्यासारख्या सिग्नलला थांबतात.

एका तंबूत कोइम्बतूरचा एक मेकॅनिक गाडीखाली पाठीवर झोपून काम करत होता. बाबा तिथे उकिडवे बसले आणि इंजिनखालच्या जाड संरक्षक पत्र्यावर बोटं फिरवू लागले. तो बाहेर आला. त्याला मराठी येत नाही, बाबांना तमिळ येत नाही आणि दोघांचंही हिंदी जेमतेम. बाबांनी इंजिनच्या माउंटिंगचं कास्टिंग दाखवून विचारलं, "ब्लोहोल?" त्याचा चेहरा उजळला. "ब्लोहोल! यस, यस!" त्याने खोक्यातून आदल्या रॅलीत तुटलेलं माउंटिंग काढून दाखवलं. तुटलेल्या जागी आत टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं, ओतताना अडकलेल्या हवेचं. पुढची वीस मिनिटं दोघं ब्लोहोल, बोअर, फेसिंग आणि मायक्रॉन एवढ्या शब्दांवर बोलत होते आणि एकमेकांना सगळं कळत होतं. कोल्हापूर काय, कोइम्बतूर काय, दोन्ही ओतकामाची गावं. निघताना त्याने ते तुटलेलं माउंटिंग बाबांना देऊन टाकलं. बाबांनी ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

रात्री घरी तांबडा-पांढरा झाला. नंतर गंगावेशीत उभं राहून समोर काढलेलं धारोष्ण दूध प्यायलो. रॅली असो वा नसो, कोल्हापुरात आल्यावर हे चुकवू नये.

झोपण्याआधीची एक गोष्ट मात्र कंटाळा न करता करा. आयोजक प्रेक्षकांसाठी ठरवलेल्या जागा आणि रस्ते बंद होण्याच्या वेळा जाहीर करतात. त्या कागदावर लिहून घ्या. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे फोनमधला नकाशा ऐनवेळी उघडत नाही. रोख पैसेही जवळ असू द्या, कारण रेंज नाही तिथे टपरीवरचा क्यूआर कोड कामाचा नाही.

शनिवार: गगनबावड्याच्या वाटेवर

डिसेंबरचा पहिला आठवडा. पहाटे पाचला निघालो तेव्हा रंकाळ्यावर धुकं होतं. स्टेज सव्वाआठला सुरू होणार, रस्ता सातला बंद होणार. मला वाटलं, भरपूर वेळ आहे. पण उसाचा हंगाम मी हिशेबात धरलाच नव्हता. कळ्याच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली उलटली होती आणि दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरांची रांग लागली होती. पाऊण तास तिथेच गेला. नोव्हेंबर ते मार्च या भागात येणाऱ्याने पहाटेच्या प्रवासाला तासभर जास्त धरावा.

आम्ही पोचलो तेव्हा फाट्यावर दोरी बांधलेली होती. ठरवलेली जागा दोरीच्या आत तीन किलोमीटरवर होती. मार्शल म्हणून उभा असलेला मुलगा कॉलेजातला वाटला. त्याने शांतपणे सांगितलं, "गाडी इथंच लावा. बांधावरून चालत गेलात तर वळणावरचा माळ लागेल, तिथं उभं राहायला परवानगी आहे. रस्त्यावर मात्र पाय ठेवायचा नाही." बाबांचे गुडघे, वर दव पडलेला निसरडा बांध. अर्धा तास चाललो. सईने तिच्या आजोबांचा, म्हणजे बाबांचा, हात एकदाही सोडला नाही.

माळावर गावातली पन्नासेक माणसं जमली होती. तांबड्या मातीचा रस्ता वरून उतरत यायचा, उजवीकडे पुरता वळायचा आणि ओढ्याकडे जायचा. फोटोला जागा बरी वाटली म्हणून मी वळणाच्या बाहेरच्या अंगाला निघालो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पाव्हणं, तितं उभं ऱ्हाऊ नगा. गाडी घसरली की बाहेरच्या अंगालाच जातीया."

डोक्याला टापर, अंगात स्वेटर, हातात काठी असे एक आजोबा. पंचाहत्तरीचे तरी असतील. मी मुकाट्याने आतल्या बाजूच्या उंचवट्यावर त्यांच्या शेजारी गेलो. ते महामंडळात एकतीस वर्षं चालक होते. रस्ता पुरता कच्चा होता तेव्हा याच वाटेने मुक्कामाची गाडी गावात आणायचे. ज्याने त्या वळणावर एसटी फिरवलीय त्याला कुठे उभं राहायचं ते कळणारच. त्यांचं बोलणं आणि आयोजकांच्या सूचना शब्दाशब्दाला जुळत होत्या, म्हणून इथेच लिहून ठेवतो. वळणाच्या बाहेर उभं राहायचं नाही. रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली, चरीत किंवा ओढ्यात तर कधीच नाही. उंचावर थांबायचं, पण आतल्या कडेला अगदी चिकटूनही नाही, कारण चालक आतला कोपरा कापतात आणि चाकाखालचे दगड गोळीसारखे उडतात. रस्त्याकडे पाठ करायची नाही. मागे सरकायला जागा ठेवायची. लहान मुलांचा हात धरायचा, आणि कुत्रं घरी बांधून यायचं.

हे सगळं मी कळकळीने सांगतोय. २०१९ साली राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात रॅलीच्या बंद रस्त्यावर एक मोटारसायकल आली, गाडीची धडक बसली आणि एकाच कुटुंबातले तिघे गेले. १९८६ साली पोर्तुगालच्या रॅलीत गर्दी रस्त्यावर उतरलेली होती. एक गाडी त्या गर्दीत घुसली आणि तिथेही माणसं मेली. स्टेडियमला कठडा असतो. इथे प्रेक्षक आणि गाडी यांच्यामध्ये फक्त प्रेक्षकाचं शहाणपण असतं. तिकीट नसलेल्या या खेळात आपण द्यायची किंमत तेवढीच आहे.

रस्ता पूर्ण बंद होण्याआधी शेवटचा टेम्पो गेला तो दुधाचा. गावच्या दूध संस्थेने सकाळचं संकलन तासभर आधी उरकलं होतं. बायका पहाटे साडेचारला धारा काढायला उठल्या होत्या. शेजारी उभ्या एका काकू म्हणाल्या, "म्हशीला काय रॅली कळतीया व्हय? पर दिलं बाई तिनं आज लवकर." हे ऐकून मला जरा भरून आलं. आपण चार सेकंदांची मजा बघायला येतो, आणि त्यासाठी अख्खं गाव आपला दिवस तासभर पुढे ओढतं.

मग सायरन वाजवत झिरो कार गेली. रस्ता मोकळा आहे की नाही हे बघणारी ही शेवटची गाडी. मार्शलने लांब शिट्टी दिली. माळ एकदम गप्प झाला.

पहिला आवाज बाबांना ऐकू आला. त्यांनी नुसतं बोट वर केलं. मग आम्हालाही आला, डोंगराआडून, वर-खाली होत. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. "चौथा... तिसरा... आता दुसरा टाकणार," म्हणाले, आणि खरंच इंजिन किंचाळलं, फट-फट असे दोन बार झाले आणि पांढरी पोलो उतारावरून आडवीच खाली आली. तोंड ओढ्याकडे, चाकं माळाकडे. मागचं टोक आधी डावीकडे झुकलं, मग उजवीकडे फिरलं, आणि वळण संपायच्या आत गाडी सरळ होऊन निघून गेली. मागे उरला तांबडा धुरळा, आमच्या दातांतसुद्धा.

वारा नव्हता, त्यामुळे धुरळा बसेना. म्हणून तर गाड्या दोन-दोन मिनिटांनी सोडतात, मागच्याला निदान रस्ता दिसावा. नाकाला बांधायला उपरणं किंवा मोठा रुमाल आणाच. सईने ओढणी बांधली होती. ती प्रत्येक गाडीची वळणातली वेळ मोबाइलच्या घड्याळावर मोजून वहीत लिहीत होती. सातव्या गाडीनंतर म्हणाली, "आजोबा, जी गाडी कमी घसरते तिची वेळ कमी येते." दोन्ही आजोबांनी एकदमच मान हलवली.

जिप्सी आली तेव्हा सगळ्यांत मोठा गलका झाला. ती वेगात कमी होती, पण ही गाडी गावकऱ्यांनी पोलिसांकडे, वनखात्यात अशी आयुष्यभर बघितलेली. घरचा माणूस आखाड्यात उतरावा तशी हाक होती ती.

आजोबांना चालकापेक्षा शेजारी बसणाऱ्याचं कौतुक वाटलं. मी सांगितलं, की तो नॅव्हिगेटर असतो. आधी ठरवून दिलेल्या फेऱ्यांत दोघं सावकाश रस्ता बघून येतात, प्रत्येक वळण किती तीव्र ते आकड्यांत लिहून काढतात, आणि स्टेजमध्ये तो ते मोठ्याने वाचत राहतो. चालकाला वळण दिसायच्या आधी ते कानात आलेलं असतं. वेळेचा हिशेबही त्याच्याकडेच. टाइम कंट्रोलला, म्हणजे वेळ नोंदवायच्या नाक्यावर, मिनिटभर उशीर झाला तर दहा सेकंदांचा दंड बसतो, आणि मिनिटभर लवकर पोचलं तर पूर्ण मिनिटाचा. आजोबा क्षणभर थांबून म्हणाले, "म्हंजी कंडक्टर की हो. आमच्यातबी तसंच. उशीर झाला तर कुणी ऐकून तरी घील, पर वेळंआधी गाडी सोडली की गेला. स्टँडावर पाशिंजर ऱ्हातंय न्हवं."

पहिली फेरी साडेनऊला संपली, दुसरी दोनला सुरू होणार होती. मधल्या वेळेत आजोबांनी आम्हाला जवळच्या गुऱ्हाळावर नेलं. चुलवाणात चिपाड जळत होतं, काहिलीत रस फेसाळत होता. गुळव्या फळीसारख्या हत्याने तो हलवत होता आणि मधूनच थेंब पाण्यात टाकून गोळी जमते का बघत होता. आम्हाला केळीच्या पानावर गरम गूळ मिळाला, वर ओल्या नारळाचा कीस. आम्ही घरून भाकरी, खर्डा आणि दही आणलं होतं. आधी खर्डा आणि मग गूळ, हा क्रम चुकवू नका. आवडीची म्हणून मी काकवीची बाटली घेतली.

दुसऱ्या फेरीला तेच वळण वेगळं झालं होतं. चाकांनी मऊ माती बाहेर फेकली होती, खालचा टणक मुरूम उघडा पडला होता, आणि आतल्या कोपऱ्यात गुडघाभर खोल चर झाली होती. सकाळी तिथून गेलेल्या गाड्या आता हातभर बाहेरून जात होत्या. सईच्या वहीत जवळजवळ प्रत्येक गाडीचा अर्धा-पाऊण सेकंद वाढला.

पाच वाजता निघताना आजोबांनी विचारलं, "उद्या कुठं हाय?" मी म्हणालो, भुदरगड तालुक्यात, पाटगावच्या बाजूला. ते काठी टेकून उभे राहिले. "माझी लेक फुलेवाडीला ऱ्हाती. तितं सोडलंसा तर सकाळी तुमच्यासंगं यीन म्हंतो." घरी निरोप देऊन, पिशवीत एक सदरा टाकून दहा मिनिटांत आले.

रविवार: पाटगावच्या बाजूला

गारगोटी सोडली आणि आभाळ भरून आलं. डिसेंबरात पाऊस येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आठला अवकाळी सर सुरू झाली ती तासभर पडली. कालचा धुरळा आज लोणी झाला. ज्यांनी छत्र्या आणल्या होत्या त्यांना मार्शलने मिटायला लावल्या, कारण मागच्याला दिसत नाही आणि वाऱ्याने उडालेली छत्री गाडीच्या काचेवर गेली तर अनर्थ होतो. पावसाळा नसला तरी डोंगरात रेनकोट आणि पकड असलेले बूट न्या.

पाचवी गाडी आमच्यासमोरच गेली. वळण तिने धरलं होतं, पण मागचं चाक कडेच्या चिखलात उतरलं आणि गाडी हळूच, अगदी हळूच, चरीत बसली. आवाजही फारसा झाला नाही. दहा-बारा पोरं धावायला निघाली, तशी मार्शलची शिट्टी कडाडली. मागची गाडी दीड मिनिटात येणार होती. आतून आधी एक फलक वर आला: ओके. कुणाला लागलेलं नाही, असा त्याचा अर्थ. लाल एसओएस फलक असता तर मागच्या गाडीला थांबावंच लागलं असतं. चालकाने उतरून वळणाच्या अलीकडे त्रिकोण ठेवला. उरलेल्या गाड्या जाऊ दिल्या आणि मगच मार्शलने हाताने खूण केली. तेव्हा बाबा सोडून सगळे चिखलात उतरलो. गाडी वर आली, पण पुढच्या चाकाचा दांडा वाकला होता. त्यांची रॅली तिथे संपली.

चालक कोकणातला होता, नॅव्हिगेटर एक मुलगी, पंचविशीची असेल. सगळ्यांच्या मागून येणारी स्वीपर गाडी जाईपर्यंत त्यांना हलता येत नव्हतं. जवळच्या घरातल्या मावशींनी त्यांना ओसरीवर बसवलं. चहा आला, मग नाचणीची भाकरी, झुणका आणि कांदा आला. चालक गप्प होता. दोन वर्षं पैसे साठवून तो उतरला होता. बाबा त्याच्या शेजारी बसले, खिशातून रुमाल काढला आणि तुटलेलं माउंटिंग त्याच्या हातात ठेवलं. काही बोलले नाहीत. त्याने ते उलटसुलट करून बघितलं, भोक दिसलं, आणि मग तो बाबांशी वाकलेल्या दांड्याबद्दल बोलायला लागला. उद्यमनगरात कोण सरळ करून देईल, सरळ करावा की नवा घालावा. बाबांचं मत नव्याचं. "एकदा वाकलेलं लोखंड विसरत नाही," ते म्हणाले.

नॅव्हिगेटरने सईला आपली वही दाखवली. पेन्सिलीने लिहिलेले डावं-उजवं, आकडे, बाण. कुठे "कापू नको", कुठे "दगड आत". तिच्या पद्धतीत सहा म्हणजे जवळजवळ सरळ आणि एक म्हणजे अगदी तीव्र. काही जण उलट मोजतात. सईने विचारलं, मुलींना घेतात का? ती म्हणाली, वहीला आवाज लागतो, मिशा नाही. मग सई तासभर तिच्याजवळून हललीच नाही. रॅलीचालक गौरव गिलला २०१९ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटारस्पोर्टमधला तो पहिलाच, हेही सईने तिच्याकडूनच ऐकलं आणि घरी येईपर्यंत आम्हाला तीनदा सांगितलं.

आजोबांनी वही हातात घेतली. अक्षरं त्यांना लागत नव्हती. "कालचं आमच्या गावचं वळान ह्यात हाय का?" तिने मागची पानं उलटली, अंतर बघितलं आणि वाचलं, "उजवं दोन, बाहेर रुंद, उशिरा आत, पुढे ओढा." आजोबांनी ते पुन्हा म्हणून घेतलं. उशिरा आत.

पाटगाव हे मधाचं गाव. परतताना दोन बाटल्या मध घेतला. पाऊस थांबला होता आणि झाडांखाली गार वास होता. निकाल गारगोटीला चहा पिताना कळला. पहिल्या दिवशी आम्ही ज्या पांढऱ्या पोलोला प्रथम ऐकलं होतं तीच जिंकली, अकरा सेकंदांनी. दोन दिवसांच्या स्टेजांमध्ये फरक केवळ अकरा सेकंद.

आजोबांना गावी सोडायला गेलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. त्या बाजूला पाऊस झालाच नव्हता. गावाच्या अलीकडे ते म्हणाले, "जरा वळणावर थांबवा." दोऱ्या निघाल्या होत्या, रस्ता पुन्हा गावाचा झाला होता. एक दुचाकी दुधाचं कॅन घेऊन गेली. आजोबा खाली उतरले आणि बॅटरी लावून चाकांच्या खुणांवरून चालू लागले. उतारावर सगळ्या खुणा डाव्या कडेला गेल्या होत्या, बऱ्याच पुढेपर्यंत तशाच, आणि मग एकदम आत वळल्या होत्या. ते वळणाच्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि बॅटरीचा झोत मातीवर धरून म्हणाले,

"बगा. मुक्कामाची गाडी मी अशीच घेत हुतो."